गाडीत रस्ता बंद दाखवतंय

१५ जून, रविवार
डोहाळजेवण झालं. म्हणजे जिच्यासाठी मांडलं ती सोडून सगळी वाडी जेवली.

चाळीस माणसांचा स्वयंपाक, झोपाळ्याला पहाटेपासून फुलं बांधली, मनीची हिरवी साडी घडीतच राहिली. व्याह्यांची नवी गाडी पिंपळाच्या फाट्यावरून आत वळायची, ती वळलीच नाही. सरळ पुढं गेली आणि पलीकडनं पाणंदीत घुसली. पाणंद म्हणजे शेतातनं जाणारी बैलगाडीची वाट. पावसात तिथं म्हसरंसुद्धा पाय टाकायला बघत नाहीत. चारी चाकं रुतली. आत माझी लेक, सातवा महिना लागलेली, गचके खातीय.

पाणंदीच्या तोंडाशी रशीदभाईंची भजी-कणसाची टपरी आहे. त्यांनीच ट्रॅक्टर आणून गाडी मागच्या मागं ओढून काढली. मी नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून बांधावरनं पळत गेले तर गाडीचे मागचे लाल दिवे दिसले. गेले! घर तिथून हाकेच्या अंतरावर. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मनीनं काचेतनं हात केला असं हे म्हणतात. मला दिसला नाही.

१६ जून, सोमवार
व्याह्यांचा फोन. बँकेतनं रिटायर झालेत पण बोलणं अजून काउंटरच्या पलीकडनंच. म्हणाले, "शोभाताई, गाडीत रस्ता बंद दाखवतंय. गेल्याच महिन्यात नकाशा अपडेट करून घेतलाय. आम्ही हौसेनं पाणंदीत नाही शिरलो."

मी म्हटलं अहो, लग्नात तुम्ही त्याच रस्त्यानं वऱ्हाड घेऊन आलात की. तर म्हणे तेव्हा जुनी गाडी होती.

आणि मग खरं काय ते. बाळंतपण चिंचवडलाच करायचं ठरवलंय. अचानक कळा आल्या तर ॲम्ब्युलन्सवाला नकाशा बघूनच येणार, तोही पाणंदीत रुतणार, मग जबाबदार कोण?

पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माझ्या आईकडं झालं, तिचं तिच्या आईकडं. मागची खोली चुना मारून ठेवलीय, शेगडी आणलीय, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवलीत. आणि हे सगळं कुणी मोडायचं, तर गाडीतल्या पडद्यानं!

ह्यांना सांगितलं. ते नवलाख उंब्र्याच्या कंपनीतनं फर्स्ट शिफ्ट करून आलेले. शांतपणे म्हणतात, ॲम्ब्युलन्सचं तेवढं बरोबर बोलले ते. मी आमटी वाढली, भात वाढलाच नाही.

१८ जून
अंगणवाडीच्या फोनवर नकाशा उघडून बघितला. पोरांची वजनं भरायला दिलेला फोन आहे, पण हे कामही पोराचंच.

खरंच बंद! पिंपळाच्या फाट्यापासून देवळापर्यंत आमच्या डांबरी रस्त्यावर लाल तुटक रेघ, वर गोल चिन्ह. आणि पाणंद? पाणंद निळी, गुळगुळीत, हायवे असल्यासारखी. तळपायाची आग मस्तकात गेली.

या रस्त्यानं दुधाचा टेम्पो येतो. शाळेची गाडी येते. गॅसचा ट्रक येतो. निवडणुकीला मतं मागायला येणाऱ्यांना तर हा रस्ता झोपेत सापडतो. आणि नकाशावाल्यांना बंद दिसतो! कुठंतरी एसीत बसायचं, मावळ कशाशी खातात ते माहीत नाही, आणि आमच्या रस्त्यावर लाल रेघ ओढायची. कुणी अधिकार दिला?

तक्रार लिहिली, मोठी. तीनदा. उत्तर आलं, तुमचे मत आमच्यासाठी मोलाचे आहे. एवढं मोलाचं आहे तर रेघ पुसा की.

२१ जून, शनिवार
मनीचा फोन, दबक्या आवाजात. बाथरूममधनं करत असणार, नळ चालू होता. म्हणाली, आई मला यायचंय गं, पण इथल्या बाबांना कोण सांगणार. जावई म्हणे मध्ये पडत नाहीत. विहीणबाई काय म्हणतात विचारलं तर म्हणे, त्या काहीच म्हणत नाहीत, त्या कधीच काही म्हणत नाहीत.

ते मलाही माहीत आहे. लग्नाच्या बैठकीत त्या दोनच वाक्यं बोलल्या होत्या, त्यातलं एक चहा छान झालाय.

लेकीनं माहेरी येण्यासाठी नळ सोडून बोलायचं. हे काय आहे काय?

२४ जून, मंगळ
लोणावळ्याला बाजाराला गेले ती गाड्यांना स्क्रीन बसवणाऱ्या दुकानातच शिरले. मालक चष्मेवाले, निवांत. आधी त्यांना वाटलं मी गिऱ्हाईक आहे, मग कळलं भांडायला आलेय. तरी बसायला स्टूल दिलं.

त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवते. फोनमधला नकाशा वेगळा, तो रोज बदलतो. गाडीच्या आतला वेगळा, तो कंपनी वर्षातनं एकदोनदा काढते, पेनड्राइव्हवर घेऊन गाडीत घालायचा. म्हणजे फोनमधली चूक एकदा का गाडीत उतरली की पुढच्या अपडेटपर्यंत तिथंच मुक्काम.

मग म्हणाले, "ताई, नकाशावाले आपणहून रस्ता बंद करत नाहीत. कुणीतरी कळवलेलं असतं. एकानं नाही, बऱ्याच जणांनी."

बऱ्याच जणांनी! म्हणजे ठरवून केलंय. येताना लोकलमध्ये डोकं नुसतं भणभणत होतं. कुणाचा फायदा? गाड्या पाणंदीनं वळल्या तर कुणाची कणसं खपतात? आमचं मळवली स्टेशन यायच्या आत नाव सापडलं.

२५ जून
गेले आणि बोलले. टपरीवर आठ-दहा पर्यटक भजी खात उभे होते, त्यांच्यासमोर बोलले. रशीदभाई, तुमच्या धंद्यापायी माझ्या लेकीचं माहेर तुटतंय, लाज वाटू द्या. असंच म्हटलं. याहून जास्तच म्हटलं.

त्यांनी झारा खाली ठेवला. हात पुसले. खिशातनं फोन काढून काउंटरवर ठेवला, बटणांचा, रबरबँड लावलेला. "वहिनी, माज्याकडं ह्यो फोन हाय," एवढंच बोलले आणि पुन्हा भजी सोडायला लागले.

मी म्हटलं, फोन काय, दुसऱ्याचाही घेता येतो. आणि निघाले. पाठमोरी चालताना मान ताठ ठेवली, पण घरी येईपर्यंत मलाच कसंतरी झालं होतं. तो ट्रॅक्टर. पैसे घेतले नव्हते त्यांनी. तरीपण. बटणांचा फोन हा काही पुरावा नाही.

३० जून
आवणी सुरू. दिवसभर चिखलात वाकून भात लावला, कंबर माझी राहिली नाही. बांधावरनं दोन गाड्या पाणंदीत रुतलेल्या दिसल्या. त्यातली एक बाई काच खाली करून मलाच विचारते, हा रस्ता बंद का केला तुम्ही लोकांनी? तुम्ही लोकांनी! हातात रोपाची मूठ होती म्हणून वाचली.

५ जुलै, शनि
व्याह्यांनी चिंचवडच्या दवाखान्यात नाव घातलं. मला कळवलं नाही, मनीकडनं कळलं. आता मी बाळ बघायला पाहुण्यासारखी जायचं, बिस्किटाचा पुडा घेऊन.

८ जुलै, मंगळवार
आज जे कळलं ते लिहू की नको. लिहिते. कुणी वाचणार नाही.

देवळात बचतगटाची बैठक. शेजारी सुमन, आमची सेक्रेटरी. माझ्या स्वतःच्या फोनवर मेसेज आला. मला वाटलं तक्रारीचं उत्तर, म्हणून ऐटीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. "तुम्ही कळवलेली रस्ताबंदी खात्री करून कायम केली आहे. प्रवाशांची सोय केल्याबद्दल आभार." आणि खाली एक पिवळा तारा. बक्षीस.

मी म्हटलं, मी कळवलेली? मी कधी? या लोकांचं डोकं ठिकाणावर आहे का?

सुमन म्हणाली, "आगं बाई, ही तर सप्त्यातली. मांडवापाशी तूच दाबलंस, आन् आमा तेरा जणींनाबी दाबाया लावलंस."

खांबाला टेकून बसले.

चैत्रात अखंड हरिनाम सप्ता. मांडव दरवर्षीसारखा रस्त्यावरच, देवळासमोर दुसरी जागा कुठं आहे. पाचव्या दिवशी हरिपाठ चाललेला आणि धबधबा कुठाय, धबधबा कुठाय करत गाड्या थेट मांडवात. चैत्रात धबधबा! एकानं तर बांबूला बंपर लावून हॉर्न धरला, महाराज बोलायचे थांबले. तेव्हा मीच उठले. फोनमध्ये रस्ता बंद कळवायचं बटण शोधलं, दाबलं, आणि मागं वळून सगळ्या गटाला म्हटलं, एकीच्या दाबण्यानं काय होत नाही, सगळ्यांनी दाबा. चौदा जणींनी एकावेळी दाबलं. कधीपर्यंत बंद, असं विचारलं होतं त्यात. मी म्हटलं देवाचं काम आहे, तारीख कशाला बांधायची. रकाना रिकामाच ठेवला.

तासाभरात गाड्या थांबल्या. केवढा आनंद झाला होता. काल्याच्या दिवशी महाराजांनी माझं नाव घेतलं माइकवर. मग महाप्रसाद, भांडी, मांडव उतरवणं, आणि त्या बटणाची आठवण कुणाच्या बापाला राहिलीय.

म्हणजे मनीचा रस्ता मी बंद केला. तिच्या आईनं.

९ जुलै
ह्यांना सांगितलं नाही. अंगणवाडीत पोरांची वजनं दोनदा भरली.

तरी एक विचारते. चौदा बाया बंद म्हणाल्या की बंद, आणि तीन महिने रोज दुधाचा टेम्पो जातोय तो कुणाला दिसत नाही? सप्ता आठव्या दिवशी उठतो, एवढं जगात कुणाला माहीत नसावं? आणि लगेच तारा!

पण राग धड येत नाही. मध्येच रशीदभाईंचा रबरबँडवाला फोन डोळ्यासमोर येतो.

११ जुलै, शुक्र
गेले टपरीवर. मुद्दाम गिऱ्हाईक असताना गेले, बोलले होते तेव्हाही गिऱ्हाईक होतं. म्हटलं, रशीदभाई, रस्ता मी बंद केला होता, सप्त्यात. तुम्हाला नको ते बोलले. चुकलं माझं.

ते कांदा चिरता चिरताच म्हणाले, "सप्त्याला तर मीबी हुतो, वहिनी. मांडवाचं बांबू माज्याच ट्रॅक्टरमदी आलं."

हे मला आठवायला नको होतं का! भज्यांचा पुडा बांधून हातात दिला, पैसे घेतले नाहीत. लाजेनं मान वर होईना. घरी आणून एकटीनंच खाल्ली, रडत रडत. गार झालेली.

१३ जुलै, रवि
सगळ्या चौदा जणींना पाण्याच्या टाकीवर चढवलं, रेंज तिथंच येते. रस्ता चालू, रस्ता चालू, सगळ्यांनी दाबा. तिघींचा रिचार्ज संपलेला. सुमनचा फोन नातवानं पाण्यात टाकलेला. बंद करताना चौदा होतो, उघडताना दहा. फोटो पण घातले, फाट्यावरचा पिंपळ, टेम्पो, शाळेची गाडी. तारीख विचारली नाही या वेळी कुणी.

सुमनची सून पण पोटुशी आहे, चौथा महिना. टाकीवरनं उतरताना सुमन तेवढंच म्हणाली की बरं झालं आत्ता कळलं. मी आपली मनीचंच धरून बसले होते.

१८ जुलै
रेघ गेली! फोनवर रस्ता चालू. तीनदा बंद करून उघडून बघितलं, चालूच.

लगेच व्याह्यांना फोन. म्हटलं फोनवर बघा. तर म्हणतात, गाडीत एवढी मोठी स्क्रीन असताना फोनमध्ये कशाला डोळे घालू? आणि गाडीत अजून बंदच आहे. मी म्हटलं अहो तो नकाशा शिळा आहे. म्हणतात, मे महिन्यातला आहे, शिळा कसा?

इथं माझा तोल गेला. तुमच्या पडद्याला काडीची अक्कल नाही, तुम्ही सुनेपेक्षा पडद्याचं ऐकता, सगळं सगळं काढलं. ते म्हणाले, "मग रस्ता बंद आहे असं कंपनीला स्वप्न पडलं का?"

आणि तोंडातनं निघून गेलं. "मी केला होता बंद. सप्त्यासाठी. आम्ही चौदा जणींनी."

फोन स्पीकरवर असणार, कारण मागं कुणीतरी हसलं. बाईचं हसणं, मोकळं, थांबेचना. मनीचं नव्हतं. विहीणबाई!

व्याही घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे आमच्या गाडीचं बरोबरच होतं."

एवढं सगळं ऐकून माणूस हे बोलतो. गाडीचं बरोबर होतं!

२२ जुलै
व्याह्यांनी त्यांच्या सगळ्या नातेवाइकांत सांगितलंय. मनीच्या चुलत नणंदेचा मला हसण्याचा मेसेज. सांगा, अजून सांगा, पेपरात द्या. पण लेक पाठवा.

२६ जुलै, शनि
मनीला डॉक्टरांनी तपासलं. म्हणाल्या, तब्येत छान, माहेरी जायचं तर आठ-दहा दिवसांत जा, पुढं प्रवास नको. म्हणजे आता बोलण्यावारी घालवायला वेळ नाही.

हे पहिल्यांदा स्वतःहून व्याह्यांशी बोलले. फाट्यावर बोर्ड लावतो म्हणाले, लोणावळ्यातल्या दवाखान्याचा आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवलाय, त्या ड्रायव्हरला एकदा घरापर्यंत आणून रस्ता दाखवला. मला यातलं काही माहीत नव्हतं. कधी केलं? शिफ्ट सुटल्यावर, म्हणे. महिना झाला. मी भात वाढला नव्हता त्याच आठवड्यात.

व्याही म्हणाले, ठीक आहे, कंपनीचा नवा नकाशा आलाय, तो गाडीत घालतो. त्यात रस्ता चालू दिसला तर पुढच्या रविवारी येतो. दिसला तर!

२ ऑगस्ट
फाट्यावर बोर्ड लागला. रशीदभाईंनी शिडी धरली, ह्यांनी खिळे मारले. मी मागची खोली पुन्हा पुसून काढली. स्वयंपाक यावेळी मोजकाच करणार, गेल्या वेळचं डोळ्यासमोर आहे.

३ ऑगस्ट, रविवार
सकाळी ८. मनीचा मेसेज. बाबा पार्किंगमध्ये गाडीत बसलेत, पेनड्राइव्ह लावलाय. अपडेट होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. बारा टक्के झालंय.

८.४०. एकोणीस टक्के. वॉचमन येऊन विचारून गेला, साहेब गाडीत काही झालंय का.

९.१५. एकतीसवर अडकलंय. व्याही म्हणतात, थांबा, कुणी हात लावायचा नाही. इंजिन चालू ठेवून सव्वा तास बसलाय माणूस, माझ्या लेकीला चाळीस किलोमीटर आणायला! आणि आणूनही नक्की नाही, आत काय दिसतंय त्यावर. देवा, मीच दाबलं होतं ते बटण, मान्य आहे, पण किती फेडायचं?

१०.०५. मनीचा फोन. मागं गाडीची घरघर नाही, वेगळाच आवाज. म्हणाली, आई, आम्ही लोकलमध्ये आहोत. मी आणि आई. मला आधी कळेचना कोण आई. विहीणबाई! व्याह्यांना पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसवलं, रिक्षा बोलावली आणि मनीला घेऊन सरळ चिंचवड स्टेशन. मी विचारलं, त्या काय म्हणाल्या? तर म्हणे एवढंच, "हे बसतील. आपण निघू."

विहीणबाईंना फोन द्यायला लावला. म्हटलं, या. त्या म्हणाल्या, "येतोय भेटायला, शोभाताई. राहायचं काय ते तिथं आल्यावर बघू. ॲम्ब्युलन्सचा रस्ता मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय."

बघा ना. बघायलाच या.

मनीला हळूच विचारलं, बॅग कुठली घेतलीस, मोठी की हातातली? तेवढ्यात रेंज गेली.

१०.३०. मळवली स्टेशन, बाकड्यावर. रविवार म्हणून शाळेची गाडी मागून आणलीय, बाहेर उभी केलीय, त्याच रस्त्यानं घेऊन आलोय जो पडद्यात बंद आहे. हे सारखे घड्याळ बघतात. टपरी बंद करून रशीदभाई पण आलेत, म्हणे सहज.

मी कुणाच्या तोंडाकडं बघणार नाही. डबा थांबला की आधी बॅग बघणार. मोठी असली तर शेगडी आजच पेटवते. हातातली असली तर...

लोकल आली.